वांडपणाच्या मागे काय असते?

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

"मुलगा फार वांड आहे, त्याला आवरा," असा निरोप गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या शाळेतून चार वेळा आला. तो तेव्हा तिसरीत होता. जेवणाची सुट्टी संपली की वर्गात यायचा नाही. ओढून आणले तर वही फाडायचा, शेजारच्या मुलाला लाथ मारायचा. चौथ्या निरोपानंतर आण्णा म्हणाले, "नसंल शिकायचं तर ऱ्हाऊ दे. शेरडं राखील." त्या रात्री मी त्याला फूटपट्टीने मारले. हे लिहिताना लाज वाटते. पण ते वगळून या विषयावर लिहिणे खोटेपणाचे होईल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मानसशास्त्राच्या तासाला बाईंनी रॉस ग्रीन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे विचार समजावून सांगितले. 'द एक्स्प्लोझिव्ह चाइल्ड' हे त्यांचे पुस्तक १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मुलाला जमत असते तर ते नीटच वागले असते. आपण समजतो, त्याची इच्छा नाही. ग्रीन म्हणतात, त्याच्यापाशी त्या प्रसंगाला लागणारे कौशल्य नाही. ठरलेली गोष्ट अचानक बदलली तर जुळवून घेणे, निराशा सोसणे, राग आला असता दुसरी वाट शोधणे, आपली अडचण शब्दांत सांगणे, ही सगळी शिकावी लागणारी कौशल्ये आहेत. वाचनात मागे पडलेल्या मुलाला आपण पुन्हा शिकवतो. यात मागे पडलेल्याला मात्र बडवतो. (शाळेतील शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच मनाई केली आहे. घरातल्या फूटपट्टीला अर्थात तो कायदा लागू नाही.)

साधे 'थांबणे' घ्या. वॉल्टर मिशेल यांनी १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लहान मुलांसमोर खाऊ ठेवून सांगितले, की मी परत येईपर्यंत थांबलास तर दुप्पट मिळेल. जी मुले थांबली ती काही जात्याच संयमी नव्हती. त्यांनी डोळे झाकले, पाठ फिरवली, आपल्याशीच गाणी म्हटली. म्हणजे थांबण्याची एक युक्ती त्यांना सापडली होती. खाऊऐवजी दुसऱ्या मजेच्या गोष्टीचा विचार करा, असे सांगितल्यावर मुले जास्त वेळ थांबत, असेही दिसले. पुढे या प्रयोगावरून 'थांबणारी मुले आयुष्यात यशस्वी होतात' असा बराच गाजावाजा झाला. परंतु २०१८ साली अधिक मोठ्या संख्येने मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेताच हा संबंध पुष्कळसा क्षीण झाला. मला याचे नवल वाटले नाही. डब्यातला लाडू उद्या उरेल याची खात्री नसलेल्या घरात तो आजच खाणारे मूल अविचारी कसे म्हणावे?

ग्रीन यांची पद्धत अशी की, भांडण पेटलेले असताना बोलू नये. शांत वेळी आधी मुलाचे ऐकावे, मग आपली काळजी सांगावी आणि दोघांना चालेल असा उपाय दोघांनी मिळून शोधावा. वाचायला हे सोपे आहे. शेरडे बांधून झाल्यावर मी भावाला ओट्यावर घेऊन बसले आणि विचारले, "तू वर्गात का जात नाहीस?" उत्तर आले, "म्हाईत न्हाई." दुसऱ्या दिवशीही तेच. मग माझ्या ध्यानात आले की प्रश्नच चुकतो आहे. 'का' याचे उत्तर त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी विचारले, "जेवणाच्या सुट्टीनंतर कुठला तास असतो रे?"

"शुद्धलेखनाचा. आक्का, सर फळ्यावर लिहित्यात आन् लगेच पुसत्यात. माझं निम्मंच हुतं. मागली पोरं हसत्यात."

एवढेच होते! त्याचा हात सावकाश चालतो. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घेतले, ते चांगले निघाले. पण "सर, थोडं थांबा" हे तीन शब्द भर वर्गात म्हणायला किती गोष्टी लागतात ते पाहा. अडचण ओळखावी लागते, योग्य वेळ साधावी लागते, हसणाऱ्यांना सोसावे लागते. हे न जमल्यामुळे वही फाटत होती. मला हे लवकर समजायला हवे होते. प्रथम वर्षात इंग्रजीच्या तासाला मी अवाक्षर बोलले नाही. कळत नाही हे कसे सांगतात, तेच मला माहीत नव्हते. आमच्या घरात कोणी कॉलेजात गेलेले नाही, विचारणार कोणाला? माझ्या गप्प बसण्याला वर्गात 'आढ्यता' असे नाव मिळाले होते.

मी शाळेत जाऊन सरांना भेटले. ते वाईट गृहस्थ नाहीत. एका वर्गात दोन इयत्ता सांभाळतात. ठरले असे की भावाने पुढच्या रांगेत बसायचे, फळ्यावरचे निम्मे तिथे लिहायचे, आणि उरलेले घरी पुस्तकातून पुरे करून दुसऱ्या दिवशी दाखवायचे. आजी म्हणाली, "असं लाड करून पोरगं डोक्यावर बसंल." आक्षेप रास्त आहे, पण लिहिणे त्याला सुटलेले नाही, उलट घरी जास्त बसावे लागते. तक्रार त्याने केली नाही, कारण उपाय निम्मा त्याचाच आहे.

सगळ्याच मुलांचे असे होईल, असा माझा दावा नाही. उपाशीपोटी, आजारपणात किंवा घरी मार खाऊन आलेल्या मुलाचे दुखणे निराळे असते, आणि तिथे कौशल्याची चर्चा करत बसणे क्रूरपणाचे होईल. आमच्याकडेही चमत्कार घडलेला नाही. दिवाळीनंतर एकदा वही फाटलीच. परंतु शाळेतून पाचवा निरोप आला नाही, आणि आण्णांनी शेरडांचा विषय पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी पाणी भरण्यावरून त्याची आणि आईची रोज जुंपते. ते नेमके कशावरून पेटते, हे अजून मी त्याला विचारलेले नाही.