विलायती ॲम्प आणि संगणकातील नक्कल

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे तरुण आपापली ध्वनिमुद्रणे घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांची तक्रार बहुधा एकच असते: संगणकातील ॲम्पला नाव इंग्लंडच्या विख्यात ॲम्पचे, पडद्यावर चित्रही त्याचेच, परंतु स्वर मात्र पातळ, चरचरीत आणि ड्रम व बेस वाजू लागताच पार लोपून जाणारा. त्यांनी केलेली मांडणी उघडून पाहिली की गेनची चावी जवळजवळ शेवटापर्यंत फिरवलेली आढळते, आणि मूळ ॲम्पांची घडण ज्याला ठाऊक आहे त्याला दुखणे कोठे आहे याचा उलगडा तेथेच होतो.

जिम मार्शल यांच्या लंडनमधील हॅन्वेलच्या दुकानात १९६२ च्या सुमारास जो जेटीएम४५ आकारास आला, तो फेंडर बेसमन या अमेरिकन ॲम्पवरून बेतलेला होता. आणि त्याला काय, किंवा त्याच्यामागून आलेल्या १०० वॅटच्या सुपर लीडला काय, आजच्या अर्थाने गेनची चावी नव्हतीच. होती ती केवळ आवाजाची, आणि ती चढवीत गेले म्हणजे आधी लहान व्हॉल्व्ह, मग शक्ती पुरवणारे मोठे व्हॉल्व्ह आणि अखेरीस खुद्द स्पीकरचा कागदी पडदा, असे सारेच आपापल्या परीने त्या स्वराला धार देत. आवाज लहान ठेवूनही स्वर फोडता यावा अशी मास्टर व्हॉल्यूमची सोय मार्शलच्या ॲम्पांत आली ती १९७५ मध्ये. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर ध्वनिमुद्रण करताना एरिक क्लॅप्टन यांनी ॲम्प रंगमंचावर असतो तितकाच मोठा ठेवण्याचा आग्रह धरला, त्याचे कारण हेच की तो स्वर त्या मोठेपणातच वसत होता. डिक डेनी यांनी डार्टफर्डच्या जेनिंग्ज कारखान्यासाठी रचलेल्या व्हॉक्स एसी३०ची गोष्ट याहून निराळी. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश मागे वळवून विकृती आवरण्याची जी तजवीज मार्शलमध्ये आहे ती त्यात नाही. त्यामुळे त्याचे चार ईएल८४ व्हॉल्व्ह एकाएकी न फुटता हळूहळू फुटतात, आणि तार हळुवार छेडली की निर्मळ, जोराने छेडली की तडकलेला, असा भेद ते फार मायेने जपतात.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, गेन तुम्हाला हवासा वाटतो त्याच्या निम्म्यावर आणावा, आणि मग स्वराचा ताबा गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या चावीकडे सोपवावा. खालची जाड तार पूर्ण आवाजावर छेडा, चावी चारवर आणून पुन्हा छेडा. नक्कल इतबाराची असेल तर दुसऱ्या वेळी स्वर नुसता लहान न होता स्वच्छही होईल. ब्रायन मे एसी३०चा आवाज पूर्ण चढवून आपले सारे वादन गिटारच्या चावीने सांभाळतात, हा दाखला लक्षात असू द्यावा. ही परीक्षा घेण्याआधी गिटारची वायर कोठे जोडली आहे याची खातरजमा करावी, कारण गिटारच्या पिकअपला सुमारे १० लाख ओहमचा अवरोध असलेले इन्स्ट्रुमेंट इनपुट लागते आणि साध्या लाइन इनपुटवर त्याची तकाकी संगणकात शिरण्यापूर्वीच मरते.

कॅबिनेटबाबत, म्हणजे स्पीकरच्या पेटीबाबत, मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकू देत नाही. ती चरचर गाळणे हेच त्याचे मोठे उपकार. संगणकात हे काम इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे वादकांच्या बोलण्यातला ‘आयआर’, करतो. आणि त्यात स्पीकरबरोबर माइक, त्याची जागा आणि अंतर हे सर्व कायमचे गोठलेले असते. तोच माइक पडद्याच्या मध्यापासून दोन बोटे कडेला सरकला तरी स्वराची धार उतरते, आणि ही तफावत ॲम्पवरच्या ट्रेबलने भरून निघत नाही. एका विक्रेत्याकडून मी घेतलेल्या ॲम्पच्या नमुन्यांच्या संचात काही नमुन्यांत कॅबिनेट आधीच मुरवलेले होते, काहींत नव्हते, आणि तपशिलाच्या कागदात त्याचा उल्लेखही नव्हता. अशा नमुन्यावर आणखी एक आयआर चढला की स्वर गोधडीखाली दडपल्यासारखा होतो. तेव्हा आयआर बंद करून ऐकावे, आणि तरीही स्वर सुसह्य राहिला तर कॅबिनेट आतच आहे असे समजावे.

राहिला प्रश्न आवाजाच्या पातळीचा. लहान आवाजात मानवी कानाला खर्ज आणि अतितार कमी जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले. म्हणून रात्री हेडफोनवर हळू आवाजात जुळवलेला स्वर, ज्यात बेस आणि ट्रेबल नकळत वाढवलेले असतात, मोठ्या स्पीकरवर घुमणारा आणि कर्कश होतो, तर गिटारचे प्राण असलेला मधला पट्टा मागे पडतो. हा प्रकार मी रंगमंचावर ऐन कार्यक्रमात घडताना पाहिला आहे, आणि तेथे तो सावरायला सवड मिळत नाही. स्वर जेथे वाजणार तेथल्या आवाजात, आणि शक्य तर ड्रमच्या सोबतीने, एकदा तरी जुळवून घ्यावाच.

तेव्हा नव्या ॲम्पच्या नकलेसाठी पैसे मोजण्यापूर्वी हाताशी असलेलीच नक्कल कायम ठेवून केवळ आयआर बदलून पाहा, एवढी माझी विनंती आहे. बहुतेकांचा खर्च तेवढ्यावरच वाचतो.