लाल दिव्यापाशी थांबणारे इंजिन : चालकांची मते आणि त्यांचा अर्थ

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कोणतेही नवे यंत्र कारखान्यातून बाहेर पडले की त्याची खरी परीक्षा ते वापरणाऱ्या माणसाच्या हातात होते. अभियंत्याने कागदावर मांडलेला फायदा आणि वापरणाऱ्याला जाणवणारा फायदा हे नेहमी एकच असतात असे नाही. अलीकडे लहान मोटारगाड्यांतून आलेल्या अशाच एका सोयीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ती सोय म्हणजे गाडी उभी राहताच इंजिन आपोआप बंद होणे आणि निघताना आपोआप सुरू होणे. या सोयीविषयी चालकांत दोन तट आहेत. एक तट तिला वरदान मानतो, तर दुसरा गाडीत बसल्याबरोबर ती बंद करणारे बटण दाबतो. या मतभेदाचे मूळ कशात आहे, हे आपण पाहू.

यंत्रणा कशी चालते?

सिग्नलला गाडी थांबली, चालकाने गिअर न्यूट्रलमध्ये घेतला आणि क्लचवरचा पाय काढला की इंजिन बंद होते. पुन्हा क्लच दाबला की ते क्षणात सुरू होते. किल्ली फिरवावी लागत नाही. मात्र हे प्रत्येक वेळी होतेच असे नाही. इंजिन पुरेसे तापलेले नसेल, बॅटरी उतरलेली असेल, सीटबेल्ट लावलेला नसेल किंवा ए.सी.वर भार जास्त असेल तर इंजिन चालूच राहते. ब्रेकला साहाय्य करणारी हवेची पोकळी कमी झाली तर ते मध्येच सुरूही होते. वारंवार सुरू होण्याचा ताण सोसावा म्हणून अशा गाडीला दणकट सेल्फ आणि खास प्रकारची बॅटरी बसवलेली असते. ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी बटण असते. पण बहुतेक गाड्यांत किल्ली बंद करून पुन्हा लावली की यंत्रणा आपोआप पूर्ववत चालू होते.

थोडा इतिहास

ही कल्पना नवी नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर इंधनाची काटकसर सुरू झाली. त्या दशकाच्या मध्यास जपानच्या टोयोटा कंपनीने आपल्या क्राऊन गाडीत अशी योजना करून पाहिली. १९८० नंतरच्या दशकात जर्मनीच्या फोक्सवॅगन पोलो आणि इटलीच्या फियाट रेगाटा या गाड्यांच्या काही प्रकारांत ती आली, पण फारशी रुजली नाही. २००४ मध्ये फ्रान्सच्या सिट्रोएन सी-३ या लहान गाडीत ती आली आणि त्यानंतर धुरावरचे निर्बंध कडक होत गेले तशी ती युरोपात सर्वत्र पसरली.

आपल्याकडे २०१४ मध्ये हिरो कंपनीच्या स्प्लेंडर आयस्मार्ट या मोटारसायकलीत ही सोय होती. मारुतीच्या सेलेरिओमध्ये २०२१ साली आणि वॅगन-आरमध्ये २०२२ साली ती आली. म्हणजे श्रीमंतांच्या गाडीपुरती राहिलेली ही गोष्ट आता शिक्षक, दुकानदार व भाड्याची गाडी चालवणारे यांच्यापर्यंत पोहोचली आहे.

चालक काय म्हणतात?

आमच्या गावच्या स्टँडवर, गॅरेजमध्ये आणि पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्यांकडून जी मते ऐकायला मिळतात, ती साधारणपणे अशी आहेत.

पहिली तक्रार मानाची आहे. गाडी शिकताना प्रत्येकाने एकच गोष्ट मनात पक्की केलेली असते, की चौकात गाडी बंद पडता कामा नये. बंद पडली की मागचे हॉर्न वाजवतात, शेजारचा हसतो. चालकाचे कसब इंजिन चालू ठेवण्यात आहे, ही समजूत हाडीमाशी खिळलेली आहे. तेव्हा गाडी स्वतःहून बंद झाली की पोटात गोळा येतो. मागे बसलेले साहेब विचारतात, "काय हो, बंद पडली का?" पगारी चालकाला हा प्रश्न दिवसातून दहादा ऐकावा लागतो. मग तो बटण दाबून मोकळा होतो.

दुसरी तक्रार उकाड्याची. लहान गाडीत ए.सी.चा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबले की पंखा वारा देतो, पण गारवा येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दोन मिनिटांच्या सिग्नललाही हे जाणवते.

तिसरी तक्रार बॅटरीची. सेल्फ वारंवार मारला तर तो लवकर जाईल, असे पुष्कळांना वाटते. सेल्फ त्याच कामासाठी दणकट केलेला असल्यामुळे ही भीती बरीचशी अनाठायी आहे; पण बॅटरीची भीती खरी आहे. ही बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा महाग मिळते. पैसे वाचवण्यासाठी कोणी साधी बॅटरी बसवली तर ती लवकर बसते, आणि दोष मात्र यंत्रणेच्या माथी येतो.

याउलट बाजूने बोलणारेही आहेत. पुण्यात रोज स्वतः गाडी चालवणाऱ्या एका शिक्षिका म्हणाल्या, "पहिला आठवडा दचकायला व्हायचं. आता सिग्नलला इंजिन चालू राहिलं तरच चुकल्यासारखं वाटतं." आणि जुन्या चालकांचे म्हणणे तर वेगळेच आहे. माझे वडील भाड्याची गाडी चालवतात. रेल्वेचे फाटक लागले की हाताने इंजिन बंद करण्याची त्यांना जुनी सवय आहे. ते म्हणतात, "जे आम्ही डोक्यानं करतो, ते आता गाडी करते. पण फाटक किती वेळ लागेल हे तिला कुठं कळतं?"

हिशेब

या सर्व मतांना हिशेबाच्या तराजूत घालून पाहू. लहान पेट्रोल गाडीचे इंजिन नुसते उभ्याने चालू राहिले तर तासाला सुमारे अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाते. आपण ०.६ लिटर धरू, आणि सोयीसाठी पेट्रोलचा भाव लिटरला १०० रुपये धरू. म्हणजे मिनिटाला एक रुपया. मोठ्या शहरात रोज एकूण २० मिनिटे इंजिन बंद राहिले तर दिवसाला २० रुपये आणि महिन्याच्या २५ दिवसांत ५०० रुपये वाचतील. वर्षाचे ६,००० रुपये झाले. ही रक्कम लहान नाही. पण तालुक्याच्या गावी, जिथे सिग्नल एखादाच, तिथे दिवसाला दोन मिनिटे धरली तर वर्षाचे ६०० रुपयेच होतात. बॅटरीच्या जादा किमतीत ते बहुतांशी विरून जाण्याचा संभव आहे.

मग कंपन्या ही सोय सर्वच गाड्यांत का देतात? याचे एक कारण चाचणीत आहे. आपल्याकडे गाडीचे ॲव्हरेज प्रयोगशाळेत रोलरवर मोजण्याची जी पद्धत चालत आली आहे, ती युरोपच्या जुन्या पद्धतीवर बेतलेली आहे. ही चाचणी १,१८० सेकंदांची असून त्यातला जवळजवळ पाव भाग गाडी उभीच असते. त्या वेळी ए.सी.ही बंद असतो. अशा परीक्षेत उभ्याने बंद होणाऱ्या इंजिनाला चांगले गुण मिळणारच. शिवाय कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर २०१७-१८ पासून मर्यादा आहे. म्हणून गाडी पुण्यात फिरो की पाटणला, यंत्रणा सगळीकडे तीच येते. अमेरिकेतही हा वाद आहे. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख ली झेल्डिन यांनी मे २०२५ मध्ये या सोयीवर जाहीर टीका केली होती.

मतभेदाचे मूळ

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चालकांची मते अज्ञानामुळे भिन्न नाहीत. गाडी कुठे उभी राहते, पेट्रोलचे पैसे कोण भरतो आणि बॅटरी कोणाच्या खिशातून येते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ती बहुतांशी ठरतात. शहरात स्वतःची गाडी चालवणाऱ्याला बचत दिसते. पगारी चालकाच्या वाट्याला मात्र उकाडा आणि साहेबांचे प्रश्न येतात. बचत मालकाच्या खिशात जाते. त्याने बटण दाबले तर त्याला आळशी म्हणणे हा अन्याय होईल.

परंतु या हिशेबात एक माणूस राहून जातो. तो म्हणजे चौकात उभा असलेला. वाहतूक पोलीस, फुले विकणारी बाई, बसची वाट पाहणारे विद्यार्थी यांना बंद इंजिनाचा फायदा होतो, पण त्यांचे मत कोणी विचारत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये लाल दिव्याला गाडी बंद ठेवण्याची जी मोहीम निघाली, तिचा हेतू हाच होता. त्यासाठी नवी गाडी लागत नाही. किल्ली फिरवणारा हात पुरतो. मात्र घाटाच्या उतारावर इंजिन बंद करणे ही काटकसर नव्हे. तिथे ब्रेक जड होतो आणि जिवावर बेतते.

समारोप

विक्रेत्याने गाडी देतानाच बॅटरीची खरी किंमत सांगावी. दाबलेले बटण गाडीने लक्षात ठेवावे. पगारी चालक ठेवणाऱ्या मालकाने वाचलेल्या पेट्रोलातला काही वाटा चालकाला द्यावा. एवढे झाले तर बटणाकडे जाणारे बरेच हात मागे येतील, असे मला वाटते. यंत्र लोकांनी आपलेसे करावे असे वाटत असेल, तर त्याच्या फायद्याची वाटणीही त्यांना पटेल अशी हवी.