अभ्यंगाचा लेखी आदेश

आपल्या चिकित्सापत्रांवर आभ्यंतर औषधांची नोंद जितक्या काटेकोरपणे होते, तितकी अभ्यंगाची होत नाही. गुग्गुळाच्या गोळ्या किती, कोणत्या वेळी, कोणत्या अनुपानाबरोबर हे लिहिणारा वैद्य त्याच कागदावर खाली 'सर्वांग स्नेहन-स्वेदन, ७ दिवस' एवढेच लिहून मोकळा होतो. तेल कोणते, किती गरम, दाब किती, कोणत्या अवयवावर हात ठेवायचा नाही, हे सारे परिचारकाच्या अनुभवावर सोपवले जाते. परिचारक जाणता असेल तर निभावून जाते. मात्र तो रजेवर असेल किंवा नवा असेल, तर रुग्णाच्या अंगावर नेमके काय घडले हे वैद्यालाही ठाऊक नसते. अभ्यंग हे औषध आहे आणि औषधाप्रमाणेच त्याचा आदेश लिहिला गेला पाहिजे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अभि उपसर्ग आणि माखणे या अर्थाचा अञ्ज् धातू यांपासून हा शब्द सिद्ध होतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात घडा, चामडे आणि गाडीचा आस यांचे दृष्टांत देऊन स्नेहाने शरीर दृढ व क्लेशसह कसे होते ते सांगितले आहे. स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य असते आणि ते इंद्रिय त्वचेच्या आश्रयाने राहते, म्हणून त्वचेवाटे वायूची चिकित्सा होते, हा त्यामागील विचार. वाग्भटांनी दिनचर्येत रोजच्या अभ्यंगाचा उपदेश करताना शिर, कर्ण आणि पाद यांचा विशेष उल्लेख केला. आपल्याकडे अभ्यंग म्हटले की नरकचतुर्दशीची पहाट आणि उटण्याचा वास आठवतो. स्वस्थासाठीची ती परंपरा उत्तमच आहे. रुग्णाचा अभ्यंग मात्र वेगळा विचार मागतो.

क्रियेचे नाव नेमके लिहावे

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात अभ्यंग, उद्वर्तन, उत्सादन, उद्घर्षण, संवाहन यांचे गुण स्वतंत्रपणे सांगितले आहेत. आपण मात्र या सर्वांना 'मसाज' या एकाच शब्दात कोंबले. मेदोवृद्धीच्या रुग्णाला कोरड्या चूर्णाचे प्रतिलोम उद्वर्तन हवे असताना त्याला तेलाचा मृदू अभ्यंग मिळतो. निद्रानाशाच्या कृश रुग्णाला हलके संवाहन हवे, तर त्याचे अंग रगडले जाते. युरोपात एकोणिसाव्या शतकात डच वैद्य योहान मेझगर यांच्या परंपरेत मर्दनाच्या निरनिराळ्या क्रियांना फ्रेंच नावे रूढ झाली. फिजिओथेरपिस्ट आजही त्यांतील एफ्लुराज म्हणजे लांब सरकता हात आणि पेट्रिसाज म्हणजे स्नायू मळणे हा भेद पाळतात. आपल्याजवळ त्याहून कितीतरी जुने शब्द असताना चिकित्सापत्रावर ते उतरू नयेत, याचे आश्चर्य वाटते.

कालावधीबाबत डल्हणांच्या टीकेत आलेला विचार सर्वपरिचित आहे. स्नेह ३०० मात्रांत रोममूलापर्यंत, ४०० मात्रांत त्वचेपर्यंत, ५०० मात्रांत रक्तापर्यंत पोहोचतो आणि याच क्रमाने ९०० मात्रांत मज्जेपर्यंत जातो असे तेथे म्हटले आहे. मात्रेचा काळ किती धरावा याविषयी मतभेद आहेत. १९/६० सेकंद हे प्रचलित गणित स्वीकारले, तर ३०० मात्रा म्हणजे ९५ सेकंद आणि ९०० मात्रा म्हणजे २८५ सेकंद, अर्थात पाच मिनिटांना किंचित कमी. पंचकर्म कक्षांत सात स्थितींत प्रत्येकी पाच मिनिटे, असा एकूण ३५ मिनिटांचा जो प्रघात आहे, त्याची संगती येथे लागते. मात्र तेल खरोखर मज्जेत उतरले याचा हा मोजलेला पुरावा नव्हे. हा उल्लेख कर्माच्या गांभीर्याचा क्रम म्हणून वाचावा असे मला वाटते. त्वग्गत विकाराला दीड-दोन मिनिटे पुरतात, अस्थिगत वाताला तेवढ्यावर सोडू नये, हा व्यवहार त्यातून निश्चित मिळतो.

दिशेचा प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. वातशमनासाठी हात अनुलोम, म्हणजे लोमांच्या दिशेने फिरवावा आणि संधींवर वर्तुळाकार फिरवावा, हा आपला संप्रदाय. शाखांवर ही दिशा बोटांकडे जाते. पाश्चात्त्य पद्धतीत हात हृदयाकडे जातो, कारण तेथे शिरांतील रक्त आणि लसिका परत नेण्याचा विचार प्रधान असतो. दोन्ही पक्षांना आपापला हेतू आहे. शूल, स्तंभ, रौक्ष्य असेल तेथे अनुलोम अभ्यंग करावा. दिवसभर उभे राहून दोन्ही पावलांवर येणाऱ्या साध्या शोथात मात्र हलका हात वरच्या दिशेने नेण्यास शास्त्राचा विरोध आहे असे समजू नये. जे ठरेल ते लिहावे.

दाबाचे ज्ञान ग्रंथांतून येत नाही. कोल्हापूरच्या तालमीत मल्लांचे अंग रगडणारे वस्ताद, केरळातील कळरीचे गुरू आणि पिढ्यान्‌पिढ्या बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाया यांच्या हातांत ते असते. त्यांच्याजवळ बसून ते शिकण्यात पदवीधराने कमीपणा मानू नये. मात्र त्यांची कला निरोगी किंवा निरोगी समजल्या गेलेल्या शरीरावर घडलेली आहे. कोणत्या शरीरावर हात ठेवू नये हे ठरवण्याचे काम वैद्याचे.

अनर्ह रुग्ण

ग्रंथांनी सांगितलेले अनर्ह थोडक्यात असे: कफग्रस्त, अजीर्णी, तरुणज्वरी, आमयुक्त, आणि नुकतेच वमन, विरेचन वा निरूह झालेले. यांतील आमाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सांधे सुजलेले, सकाळी तासभर बोटे मिटत नाहीत, जिभेवर साम थर, अंगात कसकस, असा आमवाताचा रुग्ण 'तेल लावून द्या' म्हणत येतो आणि आपण त्याचे ऐकतो. दुसऱ्या दिवशी सूज वाढते. चक्रदत्ताने आमवातात लंघन, दीपन आणि वालुकेचा रूक्ष स्वेद सांगितला तो उगाच नव्हे. निरामावस्था येईपर्यंत तेलाची बाटली कपाटात राहू द्यावी.

या यादीत आजच्या वैद्याला काही भर घालावी लागते. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्याच्या अंगावर जोराच्या मर्दनाने मोठे काळेनिळे डाग उठतात, क्वचित स्नायूत रक्तस्राव होतो. जुन्या मधुमेहात पावलांची संवेदना गेलेली असते. 'गरम लागते का?' या प्रश्नाला तो रुग्ण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो आणि संध्याकाळी तळव्यावर फोड दिसतो. अशा वेळी तेलाची उष्णता परिचारकाने स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूस पाहावी. वृद्धांच्या मानेवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाब देऊ नये. अस्थिसौषिर्य असलेल्या वृद्धेच्या पाठीवर तळहाताचा भार टाकू नये.

सर्वांत अधिक जपावयाचे ते पोटरीला. खोल शिरांत रक्ताची गाठ धरली असता पोटरी दुखते, जड होते, सुजते. रुग्ण त्याला 'वात आला' म्हणतो आणि चोळून मागतो. त्या चोळण्याने गाठ सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली, तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतात. इंद्रबस्ती हे मर्म जंघेच्या मध्यावर आहे. त्याच्या आघाताने शोणितक्षय होऊन मृत्यू येतो असे सुश्रुतांनी सांगितले. त्यांचे कारण आणि हे कारण एक नाही, ते बळेच एक करण्याचीही गरज नाही. तथापि या जागेवर हात टाकताना वैद्याने थांबावे, याविषयी दोन्ही शास्त्रांचे एकमत आहे.

ही गाठ कोणाला होते? प्लास्टर घालून पडून असलेल्याला, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्याला, कर्करोग्याला, लांबचा प्रवास बसून केलेल्याला. आणि बाळंतिणीला. गर्भावस्थेत रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे हा धोका सर्वाधिक असतो. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल तर त्याहून अधिक. सुश्रुतांनी सूतिकेच्या परिचर्येचा काळ दीड महिना सांगितला आहे. म्हणजे मराठी घरात ज्या स्त्रीच्या अंगाला सर्वांत नियमाने तेल लागते आणि ज्या काळात लागते, तीच स्त्री आणि तोच काळ या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो. याचा अर्थ सूतिकाभ्यंग बंद करावा असा मुळीच नाही. वातप्रकोपाच्या त्या अवस्थेत त्याचे मोल मोठे आहे. अर्थ एवढाच, की पहिल्या दिवशी आणि पुढे दर आठवड्याला वैद्याने तिचे दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी पाहावेत, आणि एका पायाची सूज, उष्णता किंवा लाली दिसताच तेल थांबवायचे हे मालीशवाल्या बाईंना स्पष्ट शब्दांत सांगावे.

त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला जो उंचवटा लागतो, तेथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. ३ सेंटिमीटर किंवा अधिक फरक असेल, तर रुग्णाला त्याच दिवशी डॉपलर तपासणीसाठी पाठवावे. फरक कमी असूनही एकाच पोटरीत नवी वेदना असेल आणि वरीलपैकी एखादे कारण जुळत असेल, तरीही पाठवावे. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का हे पाहण्याची जुनी चाचणी भरवशाची नाही, ती करू नये. माझ्याकडे गृध्रसी म्हणून आलेल्या एका मध्यमवयीन गृहस्थांचा डावा घेर उजव्यापेक्षा ४ सेंटिमीटरने अधिक भरला. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या घोट्याचे प्लास्टर निघाले होते. डॉपलरमध्ये मांडीपर्यंत गाठ दिसली. ते आदल्या आठवड्यात दोन ठिकाणी पाय चोळून आले होते.

बालकांविषयी एकच सूचना. मृदू अभ्यंगाने अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे वजन अधिक वेगाने वाढल्याचे अमेरिकेत टिफनी फील्ड यांच्या १९८६ च्या अभ्यासात दिसले आहे. बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्याची चाल मात्र बंद करावी. ते तेल फुप्फुसात उतरून तेथे दाह करते.

औषधालयाकडे

स्नेहपाकाच्या भेदांविषयी आचार्यांत एकमत नाही. चरक आणि शार्ङ्गधर अभ्यंगासाठी खरपाक सांगतात, तर सुश्रुत मध्यमपाक. तेल मागवताना पाक कोणता हे निर्मात्याला विचारण्याची सवय आपल्यात राहिलेली नाही. जे स्वतः तेल सिद्ध करतात त्यांनी कल्क, स्नेह आणि द्रव यांचे १ : ४ : १६ हे सामान्य प्रमाण सांभाळावे. वर्ती वळते का, ती अग्नीवर टाकता शब्द होतो का, आणि तेलावर फेस आला का, या तिन्ही परीक्षा प्रत्येक घाण्याला कराव्यात. द्रवांश उरलेले तेल लवकर खवट होते आणि अशा तेलाने त्वचेवर पुरळ उठला की दोष वैद्याच्या माथी येतो.

औषधालयाच्या मालकांनी एका गोष्टीत कठोर राहावे. विषगर्भ तेल हे वेदनाशामक म्हणून गल्ल्यावरून सहज विकले जाते. त्यात वत्सनाभासारखी विषद्रव्ये असतात आणि वत्सनाभाचे विष त्वचेतूनही शोषले जाते. जखमेवर, खरचटलेल्या जागी, सर्वांगावर किंवा बालकाच्या अंगावर ते लावायचे नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावे. नुसत्या वेष्टनावरील बारीक अक्षरांवर विसंबू नये. ते तेल नारायण किंवा बला तेलाच्या शेजारी एकाच फळीवर ठेवू नये.

आदेशाचा नमुना

माझ्या चिकित्सालयात परिचारकाच्या हाती जो कागद जातो, त्यातील एक येथे उतरवतो. स्त्री, वय ५२, कटिशूल व उजवी गृध्रसी, मधुमेह ८ वर्षे. निराम. पोटऱ्यांचा घेर उजवा ३४, डावा ३४ सेंटिमीटर. सहचरादी तेल, १०० मिलिलिटर, पाण्याच्या भांड्यात ठेवून सुखोष्ण, उष्णता मनगटावर पाहावी. सकाळी, रात्रीचे अन्न पचल्यावर, सकाळची मधुमेहाची गोळी व न्याहारी यांची वेळ चुकवू नये. कटी व उजवी मांडी मध्यम दाब, अनुलोम, प्रत्येक स्थितीत ५ मिनिटे. पोटरीवर फक्त तेल पसरावे, मळू नये. कण्यावर अंगठ्याने दाब नाही. पावलांना स्वेद नाही. नंतर अर्धा तास विश्रांती, मग मुगाचे पीठ लावून कोमट पाण्याने स्नान. चक्कर, छातीत दुखणे, धाप किंवा पायात नवी सूज आढळल्यास त्याच क्षणी थांबून वैद्यास बोलवावे. आदेश ३ दिवसांपुरता, चौथ्या दिवशी रुग्ण पाहून नवा लिहिला जाईल.