मागचा ब्रेक जाम : पॅड टाकण्याआधी कॅलिपर पाहा

उदगीरसारख्या तालुक्याच्या गावी कितीतरी तरुणांचे पोट गाड्यांच्या दुरुस्तीवर चालते. पूर्वी मागचे चाक म्हणजे ब्रेक शू बदलला की काम संपले. २००७ साली आलेल्या पल्सर २२० ला मागेही डिस्क होती. नंतर ती बऱ्याच गाड्यांना आली. असे डिस्क ब्रेक आपल्या मराठवाड्यातच, वाळूजला तयार होतात. कामाची पद्धत मात्र अनेक ठिकाणी ड्रमच्या काळातलीच आहे.

नवे पॅड जाड असल्यामुळे पिस्टन आत ढकलावा लागतो. तो जात नाही, मग पेचकस आणि हातोडी निघते. जोर लावून पिस्टन आत गेला तरी रोग तसाच राहतो. ब्रेक सोडल्यावर तो मागे सरत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो. चाक तापते, अ‍ॅव्हरेज पडते आणि पॅड लवकरच संपतात. ब्रेक ऑइल उकळले तर पायाखालचा ब्रेक भर रस्त्यात खाली बसतो. तेव्हा गाडीवर बहुधा एकटा माणूस नसतो, घरची मंडळीही असतात.

म्हणून आधी कारण शोधावे. जुने पॅड शेजारी ठेवून पाहा. एक जास्त, एक कमी झिजला असेल तर कॅलिपर आपल्या पिनांवर सरकत नाही असा संशय घ्यावा. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल मागच्या चाकाकडे उडतो. रबरी बूट फाटलेला असला की तो पिनेपर्यंत पोहोचतो. पिना काढून साफ कराव्यात, नवे बूट आणि सिलिकॉन ग्रीस लावावे. पुष्कळदा एवढ्यावर काम भागते.

पिना मोकळ्या असूनही पिस्टन हलत नसेल तर हवा काढण्याच्या निपलला नळी लावून ती बाटलीत सोडा, निपल सैल करा आणि पिस्टन दाबा. आता तो सहज गेला, तर दोष पिस्टनचा नाही. होज आतून फुगला आहे किंवा मास्टर सिलिंडर ऑइल परत घेत नाही. तरीही अडला, तर गंज आहे. तो काढण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा मारू नये. पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोट चिरडते. कॅलिपरमध्ये लाकडाचा तुकडा ठेवून ब्रेकचा पायडलच हळूहळू दाबावा. पिस्टनला खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासत बसण्यात अर्थ नाही, पिस्टन आणि सील नवेच टाकावेत. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल सीलला लागू देऊ नये. रबर फुगते आणि ब्रेक पुन्हा जाम होतो. धुण्यासाठी ताजे ब्रेक ऑइल उत्तम.

चारचाकीत आणखी एक पेच आहे. ज्या मोटारींचा हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असतो, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा पिस्टन नुसता दाबून जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो. तिथे सी-क्लँपने जोर केला तर आतली यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने त्याची मोटर मागे घ्यावी. हे साधन नसेल तर गाडी हाती घेऊ नये.

किट आणि जादा मजुरी किती लागेल, ते खोलल्याबरोबर ग्राहकाला सांगावे. बिलाच्या वेळी नव्हे. काम झाल्यावर हवा काढावी, पायडल कडक होईपर्यंत दाबावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे. मग चार-पाच किलोमीटर चक्कर मारून चाकाजवळ हात न्यावा. डिस्कला स्पर्श करू नये. पुढच्यापेक्षा मागचे चाक फारच तापलेले वाटले तर गाडी पुन्हा स्टँडवर घ्यावी.