पावसाळ्यात स्पंज नळाखाली धुऊ नका

दमणगंगा गढूळ वाहू लागली की शोभिवंत माशांची पिल्ले वाढवणाऱ्यांचे फोन सुरू होतात. काल संध्याकाळपर्यंत चांगली खेळत होती आणि सकाळी निम्मी तळाला, हीच तक्रार. कोणी पावसाला दोष देतो, कोणी खाद्याला, कोणी रोगाला. मी जाऊन पाहतो तेव्हा बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांपूर्वी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून लख्ख धुतलेला असतो.

स्पंज घाण अडवतो, पण ते त्याचे दुय्यम काम. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. स्पंजच्या छिद्रांत वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात आणि मग बरेच निरुपद्रवी नायट्रेट. पावसाळ्यात कच्चे पाणी गढूळ येते, म्हणून नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवावे लागते. त्या धारेखाली पिळलेला स्पंज दिसायला नवा, कामाला मेलेला. जिवाणू पुन्हा वसायला चार ते सहा आठवडे लागतात. पंधरा दिवसांच्या पिल्लांना तेवढा वेळ नसतो.

स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा दाबायचा, बस. पाणी तपकिरी राहिले तरी चालेल. प्रत्येक टाकीत दोन स्पंज ठेवा आणि ते आलटूनपालटून धुवा. दोन्ही एकाच दिवशी कधीही नाही. टाकीत भरायच्या नळाच्या पाण्यात १०० लिटरला १ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट विरघळवा, किंवा पाणी दिवसभर हवा सोडून ठेवा.

या दिवसांत आणखी एक घोटाळा होतो आणि तो कोणाच्या ध्यानात येत नाही. पावसाचे पाणी मऊ असते, त्यात क्षार कमी. अमोनिया फोडताना जिवाणू पाण्यातले क्षार खर्च करतात. ते संपले की पीएच घसरतो आणि ६च्या आसपास जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरजवळ टांगा, एवढ्याने भागते. पीएच चढवायला चुन्याची निवळी ओतू नका. २८ अंश तापमानाला पीएच ७ असताना अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच सहा-सात टक्के होतो. म्हणजे तेवढ्याच घाणीत विष कितीतरी पटीने वाढते. सिमेंटच्या नव्या टाक्या न मुरवता वापरणाऱ्यांचीही हीच गत होते.

घरगुती उपाय ऐकून मी थकलो आहे. तुरटीने पाणी नितळ दिसते, पण उरलेसुरले क्षारही जातात. पिल्ले मेल्यावर टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकणारे तर फिल्टरमधले जिवाणूच मारतात. उकडलेल्या अंड्याचा बलक हे दुसरे व्यसन. खानवेलकडच्या एका पाड्यावर बलकाने पांढरी झालेली टाकी मी पाहिली. पिल्ले शंभराच्या आतच होती आणि बलक हजारांना पुरेल इतका. बलकाऐवजी पिल्लांना द्यायच्या आर्टेमियाची अंडी महाग पडतात हे मला मान्य आहे, पण मेलेल्या पिल्लांचा हिशेब करा. मिठाला मात्र एक खरा उपयोग आहे: लिटरला १ ग्रॅम मीठ नायट्राइटची बाधा कमी करते. अमोनियावर ते काही करत नाही.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली आली तेव्हा घरामागच्या शोभिवंत माशांच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला होता आणि महिला व आदिवासी लाभार्थींना ६० टक्के अनुदान होते. हा पैसा चकाकत्या पॉवर फिल्टरवर घालवलेला दिसला की जीव तुटतो. एका घरी गप्पीची पिल्ले रोज कमी होत होती आणि शेजारच्या मांजरावर संशय होता. फिल्टरचे झाकण उघडले तेव्हा ती आत सापडली. पिल्लांच्या टाकीला एअर पंपवर चालणारा बारीक छिद्रांचा स्पंजच हवा. बुडबुडे मंद ठेवा. पिल्ले प्रवाहाशी झुंजत राहिली तर खाल्लेले अंगी लागत नाही.

नवी टाकी लावताना नवा स्पंज आधी महिनाभर मोठ्या माशांच्या चालू टाकीत सोडा. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसा जिवाणूंशिवाय फिल्टर चालत नाही. पिल्ले हलवायच्या दिवशी तोच स्पंज ओला असतानाच त्यांच्यासोबत न्या.

लाईट गेली तर आधी खाद्य बंद करा. जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच. नेहमीचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर बंद पडताच नळीतून पाणी उलटे येऊन तो निकामी होतो. जुन्या पद्धतीचे बंद डब्याचे फिल्टर काही तास थांबले असतील तर सरळ चालू करू नका. आत कुजलेले पाणी थेट टाकीत येते. ते आधी ओतून द्या.

आणि मरतूक झाली तर घाईने सगळे पाणी बदलून मग आमच्याकडे येऊ नका. बदलण्याआधीचे पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी आणा. फिल्टर शेवटचा कधी आणि कशाने धुतला, तेही लिहून आणा.