तलाकनंतर आरोग्य विम्याचे काय?

भंडारा जिल्ह्यातील कोंढा गावचा दुकानदार असो वा कारखान्यातला कामगार, आरोग्य विमा बहुधा साऱ्या कुटुंबाचा मिळून असतो. तलाक झाल्यास त्याचे काय होते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

पत्नीचा हक्क वैवाहिक नात्यावर उभा असतो. नाते संपले की कर्मचारी राज्य विमा योजनेतील तिचा लाभ संपतो. खाजगी कौटुंबिक पॉलिसीतूनही तिचे नाव सहसा वगळले जाते. मुलांचे तसे नाही. बापाशी त्यांचे नाते तुटत नाही, त्यामुळे त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलांची नावे पॉलिसीत राहू शकतात.

बाईने अगदी नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून जुनीची मुदत संपण्यापूर्वीच त्याच कंपनीकडे स्वतंत्र पॉलिसीसाठी अर्ज करावा. आधीची वर्षे जमेस धरली जातात.

हप्ता कोणी भरायचा? पतीने इद्दतीच्या मुदतीतच घटस्फोटितेच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली दानियल लतीफी खटल्यात सांगितले. मुलांचा पोटगीचा स्वतंत्र हक्क 1997 च्या नूर सबा खातून निकालात मान्य झाला आहे. तेव्हा मेहर व पोटगीबरोबर विम्याच्या हप्त्याचीही रक्कम लेखी ठरवून घ्यावी, असे आम्ही सुचवितो. तोंडी कबुली दवाखान्याच्या खिडकीवर चालत नाही.