शिपाई कोणाच्या हुकमाने येतो?

मुलांनो, पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारे तरुण तुम्ही पाहिले असतील. दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावातील कितीतरी मुले सैन्यभरतीची अशी तयारी करतात. भरतीत १.६ किलोमीटर धावावे लागते. नाशिकजवळ देवळालीला तर तोफखान्याची मोठी शाळाच आहे.

सैन्याचे दार सर्वांना उघडे आहे. संविधानाच्या १६व्या कलमानुसार सरकारी नोकरीत धर्मावरून किंवा जातीवरून भेदभाव करता येत नाही. १९६५च्या युद्धात शत्रूचे रणगाडे फोडताना शहीद झालेले परमवीर अब्दुल हमीद तुम्हांला माहीत आहेतच.

शिपाई सीमेवर शत्रूशी लढतो. पण गावातच दंगल झाली तर?

१९१९ साली जालियनवाला बागेत इंग्रज अधिकारी डायर याने इशारा न देता निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडायला लावल्या. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला. आता समोरचे लोक गुलाम नव्हते, नागरिक होते. म्हणून गावातील शांतता राखण्याचे काम संविधानाने राज्याकडे आणि त्याच्या पोलिसांकडे दिले. महाराष्ट्रात पोलिसांच्या मदतीला राज्य राखीव पोलीस दल असते. त्याचा कायदा १९५१ चा आहे.

तेही अपुरे पडले तरच सैन्याला बोलावतात. बोलावतो कोण? जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी. मोठा धोका असेल आणि दंडाधिकाऱ्यांशी संपर्कच होत नसेल, तरच सैन्याचा अधिकारी स्वतः पाऊल उचलतो. मात्र शक्य होताच त्याला दंडाधिकाऱ्यांशी संपर्क साधावा लागतो. बळ कमीत कमी वापरावे आणि माणसांची व मालमत्तेची हानी कमीत कमी व्हावी, असे कायदा बजावतो.

१९९२-९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या, तेव्हा सैन्य बोलवावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला. तेव्हाही जवान आले आणि त्यांनी ढिगारे उपसले. भूकंप कोणी थांबवू शकत नाही. दंगल मात्र माणसेच करतात आणि माणसेच थांबवू शकतात.

तुमच्यापैकी कोणी उद्या शिपाई होईल, कोणी तहसीलदार होईल. पण नागरिक तर तुम्ही आजच आहात. एखादी अफवा कानावर आली, तर ती पुढे सांगू नका. आधी शेजाऱ्याच्या दारावर थाप मारा आणि खरे काय ते विचारा.

शब्दार्थ
प्रजासत्ताक – जम्हूरिया
संविधान – आईन
नागरिक – शहरी
हानी – नुकसान
इशारा देणे – आधी सावध करणे

स्वाध्याय
१. सैन्याला बोलावण्याचा अधिकार कोणाला असतो?
२. भूकंप आणि दंगल यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
३. 'शिपाई', 'हुकूम', 'तहसीलदार' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातील असे आणखी चार शब्द शोधा.